शिमला–स्पिती–मनाली मोटारसायकल सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिमाचलमधल्या किन्नौर आणि स्पिती भागात आम्ही महाराष्ट्रातून मोटारसायकलस्वारांचे गट घेऊन जातो. फोनवर, भेटीत, अगदी निघायच्या आदल्या रात्रीही जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. तीच आधी वाचा, कारण तब्येतीच्या आणि जिवाच्या गोष्टी तिथेच आहेत.

सहल कुठून कुठे जाते?

शिमल्याहून सतलजच्या खोऱ्याने किन्नौर, खाबच्या संगमापासून पुढे स्पिती नदीच्या काठाने काझा, मग कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल आणि शेवटी अटल बोगद्यातून मनाली. मुक्काम शिमला, सराहन, कल्पा (दोन रात्री), ताबो, काझा (तीन रात्री), चंद्रतालजवळचे तंबू आणि मनाली. मधल्या गावांचे फेरे धरून साधारण आठशे किलोमीटर होतात. पुणे–नागपूरपेक्षा थोडंच जास्त.

पुणे–नागपूर आम्ही एका दिवसात मारतो. मग इथे इतके दिवस कशाला?

उंचीमुळे. शिमला साधारण २,२०० मीटरवर आहे, कल्पा २,९६०, ताबो ३,२८०, काझा ३,६५० च्या आसपास. काझाच्या वरची लांगझा, हिक्कीम, कोमिक ही गावं ४,४०० ते ४,६०० मीटरच्या पट्ट्यात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रात कितीही गड चढलात तरी या उंचीचा सराव होत नाही. दम वाढतो, पाय तयार होतात, ते उपयोगाचंच आहे. पण विरळ हवेची सवय विरळ हवेत झोपूनच होते.

हवेत ऑक्सिजन वरही २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरलेला असतो. साडेचार हजार मीटरवर एका श्वासात समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त ऑक्सिजन मिळतो. शरीर ही तूट भरून काढतं. श्वास वाढतो, नाडी वाढते, हळूहळू रक्तातही बदल होतात. त्याला वेळ द्यावा लागतो. डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी. चंद्रताल सोडला तर आमचे सगळे मुक्काम या नियमात बसतात. ताबोला जाताना वाटेत नाकोला ३,६६० मीटरपर्यंत चढतो आणि झोपायला खाली ताबोला उतरतो. काझात तीन रात्री राहून दिवसा वरच्या गावांत जातो, रात्री परत खाली येतो. चंद्रतालचा मुक्काम सगळ्यात उंच, ४,२५० मीटरच्या घरातला, म्हणून तो सगळ्यात शेवटी.

काझातली एक रात्र कमी करून मनालीत वाढवा, अशी मागणी बहुतेक प्रत्येक गटातून येते. अख्ख्या गटाचं एकमत असलं तरी आम्ही ती मान्य करत नाही.

उलट, मनालीकडून सुरुवात केली तर?

मनाली जेमतेम दोन हजार मीटरवर आहे. तिथून सकाळी निघालेला माणूस त्याच दिवशी ४,५५० मीटरचा कुंझुम ओलांडतो किंवा चंद्रतालला झोपतो. बरेच जण असं करतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची पहिली रात्र डोकं धरून, ओकाऱ्या काढत जाते. आम्ही त्या बाजूने गट नेत नाही.

विरळ हवेचा त्रास कसा ओळखायचा? झाला तर काय करता?

डोकेदुखी हे पहिलं लक्षण. तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणं, गळून जाणं, झोप न लागणं यांतलं काहीही असेल तर तो उंचीचाच त्रास समजायचा. ‘काल पाणी कमी प्यायलो असेन’, ‘हेल्मेट घट्ट आहे’ अशी कारणं शोधायची नाहीत. रोज सकाळी नाश्त्याच्या आधी आम्ही प्रत्येकाला विचारतो आणि बोटाला ऑक्सिमीटर लावतो. आकड्यावर सगळं ठरत नाही. माणूस कसा चालतोय, कसा बोलतोय, खातोय का, हे जास्त सांगून जातं.

सौम्य त्रास असेल तर त्याच उंचीवर थांबायचं, विश्रांती घ्यायची, वर जायचं नाही. लक्षणं वाढली तर खाली उतरायचं. बसल्या जागी धाप लागणं, ओला खोकला, ओठ निळसर होणं हे फुप्फुसात पाणी साठल्याचं लक्षण असू शकतं. सरळ रेषेत पाऊल टाकता न येणं, बरळणं, गोंधळणं हे मेंदूला सूज आल्याचं. या दोन्हींत माणूस काही तासांत जाऊ शकतो. तिथे औषध आणि ऑक्सिजन देतादेताच उतरवायला सुरुवात करावी लागते, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

आता या मार्गाचं खरं अवघड सांगतो. स्पितीत उतरणं सोपं नाही. काझाहून ताबोपर्यंत गेलात तरी उंची जेमतेम चारशे मीटर कमी होते, त्यापुढे नाकोला रस्ता परत चढतो, आणि किन्नौरमधल्या रेकाँग पिओचं मोठं रुग्णालय काझापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे. काझात सरकारी रुग्णालय आहे, तिथे ऑक्सिजन मिळतो, डॉक्टर भेटतात. पण ‘त्रास झाला की पटकन खाली’ हा मार्ग इथे उपलब्ध नाही. म्हणून आम्ही चढतानाच इतकं जपून चढतो. आणि म्हणूनच लपवू नका. गटाचा खोळंबा होईल या संकोचाने डोकेदुखी दडवणारा माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्यांचाच खोळंबा करतो, आणि स्वतःचा जीव टांगणीला लावतो तो वेगळाच.

डायमॉक्स घ्यावी का?

ॲसिटाझोलामाइड, म्हणजेच डायमॉक्स, शरीराला उंचीची सवय लवकर व्हायला मदत करते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगा. तिने लघवी वारंवार होते, बोटांना मुंग्या येतात. घाबरून जाऊ नका. गोळी घेतली म्हणून मुक्काम गाळता येत नाही. डोकेदुखीवर वेदनाशामक गोळ्या घेत वर चढत राहणं हा मात्र सगळ्यात वाईट प्रकार, कारण इशारा बंद होतो आणि त्रास चालूच राहतो.

बीपी, दमा, मधुमेह आहे. येऊ शकतो का?

नियंत्रणात असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी ‘४,६०० मीटरपर्यंत हरकत नाही’ असं लिहून दिलं तर हो. हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर आम्ही नेत नाही. गर्भवतींनी येऊ नये. पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना तपासणी करून यायला सांगतो.

विदर्भातल्या, नंदुरबार-धुळ्याकडच्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण ती फारसं कुणी विचारत नाही. सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार. हा आजार असणाऱ्यांनी इतक्या उंचीवर जाऊच नये. आणि ज्यांना आजार नाही पण जे वाहक आहेत, त्यांनाही कमी ऑक्सिजनमध्ये प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर स्वतःची रक्ततपासणी करून घ्या. सरकारी रुग्णालयात ती होते. अहवाल पाहून मगच बोलू.

कधी येणं चांगलं? मे महिन्याच्या सुट्टीत, गणपतीनंतर की दिवाळीत?

मे महिन्यात कुंझुम बहुतेक वेळा बर्फाखाली असतो. तेव्हा शिमला ते काझा आणि त्याच वाटेने परत, एवढंच जमतं, मनाली विसरायची. खिंड साधारण जूनच्या सुरुवातीला उघडते, पुढेमागेही होते. जूनचा दुसरा पंधरवडा चांगला, पण बर्फ वितळत असतो, त्यामुळे नाल्यांना पाणी जोरात.

माझं मत विचाराल तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. पाऊस ओसरलेला, आभाळ धुतलेलं, किन्नौरात सफरचंदांची तोडणी चाललेली, नाल्यांचं पाणी उतरलेलं. गणपती झाले की निघायचं, असं आमच्या बऱ्याच जणांचं ठरलेलंच असतं. दिवाळीत मात्र नको. रात्री नळातलं पाणी गोठतं, चंद्रतालचे तंबू उठलेले असतात, आणि कुंझुम कोणत्या दिवशी बंद होईल याची खात्री देता येत नाही.

स्पितीत पाऊस पडत नाही म्हणतात. मग जुलै-ऑगस्टमध्ये का नको?

स्पिती पर्जन्यछायेत आहे हे खरं. आपल्याकडे महाबळेश्वर भिजतं आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच तिथे आहे. पण स्पितीपर्यंत पोहोचायचं तर किन्नौरातून जावं लागतं, आणि सतलजच्या त्या कड्यांवरून पावसाळ्यात दगड येतात. ११ ऑगस्ट २०२१ रोजी निगुलसरीला दरड एका एसटी बसवर आणि इतर वाहनांवर कोसळली, २८ माणसं गेली. तोच आपला रस्ता. जुलै २०२३ मध्ये तर चंद्रतालला अवेळी बर्फ पडून सुमारे तीनशे पर्यटक काही दिवस अडकून पडले होते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही या मार्गावर गट नेत नाही, मागणी कितीही असली तरी.

कोणती गाडी आणू?

तुमचे दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतील ती. हे उत्तर ऐकून लोक थोडे निराश होतात, पण खड्ड्यात, चिखलात, नाल्यात गाडी तोलायची वेळ येते तेव्हा सीसी कामाला येत नाहीत, पाय येतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० ही या रस्त्यासाठी उत्तम गाडी आहे, १७ लिटरची टाकी आहे, पण तिची सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे. उंची कमी असेल तर आधी बसून बघा. जुनी हिमालयन, क्लासिक ३५०, एक्सपल्स या सगळ्या गाड्या इथे चालतात. कार्ब्युरेटरच्या गाड्या उंचीवर गुदमरतात, सकाळी लवकर चालू होत नाहीत. फ्युएल इंजेक्शनवाल्या स्वतःला जुळवून घेतात. ताकद मात्र दोन्हींची कमी होते. चढावर नेहमीपेक्षा एक गिअर खाली ठेवायची मनाची तयारी करा.

स्कूटर घेऊन येऊ का, असंही विचारतात. स्कूटरवर स्पिती केलेली माणसं आहेत, त्यांचं कौतुकच आहे. आमच्या गटात मात्र नको, लहान चाकं कुंझुमपलीकडच्या बातल–ग्रामफू टप्प्यातल्या गोट्यांत अडकतात.

तिथे भाड्याने घ्यावी की घरची रेल्वेने पाठवावी?

दोन्ही चालतं. भाड्याची घेत असाल तर नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना ते पाहा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. ताब्यात घेताना प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढा.

घरची पाठवायची असेल तर पार्सल ऑफिसात आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गोणपाट आणि पेंढा लावून पॅकिंग करून घ्यावं लागतं. दिल्ली, अंबाला किंवा चंडीगडपर्यंत पाठवा आणि तिथून चालवत या. किमान आठवडाभर आधी टाका. पार्सल मागे राहणं नेहमीचंच आहे. आरसे काढून बॅगेत ठेवा.

मला घाटाची सवय आहे, पण कच्च्या रस्त्यावर कधी चालवली नाही. झेपेल का?

ताम्हिणी, वरंधा, माळशेज पावसाळ्यात शांतपणे चालवणारा माणूस या रस्त्याचा बहुतांश भाग चालवू शकतो. काझापर्यंतचा रस्ता बऱ्यापैकी डांबरी आहे, मध्येमध्ये दरडीने उखडलेला. खरी कसोटी कुंझुमच्या अलीकडच्या लोसर गावाच्या पुढे, कुंझुमवरून उतरल्यावर बातल ते ग्रामफू या टप्प्यात. तिथे दगडगोटे, रेती आणि रस्त्यावरून वाहणारे नाले आहेत.

निघण्याआधी दोन-तीन रविवार एखाद्या खाणीच्या किंवा धरणाच्या कच्च्या रस्त्यावर घालवा. पेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून चालवा, गुडघे टाकीला आवळा, हात सैल सोडा. नजर पुढच्या चाकावर ठेवू नका, दहा-पंधरा मीटर पुढे ठेवा. पुढचा ब्रेक रेतीवर हलकाच. एवढं अंगवळणी पडलं की पुष्कळ झालं.

आणि चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची. ट्रक किंवा बस समोरून आली तर डोंगराच्या बाजूला थांबा, दरीच्या बाजूला कधीही नाही.

नाले कसे ओलांडायचे?

सकाळी. वरचं बर्फ दिवसभराच्या उन्हाने वितळतं, त्यामुळे जो नाला सकाळी सातला घोट्याएवढा असतो तो दुपारी तीनला गुडघ्यापर्यंत येतो. म्हणून चंद्रतालहून आम्ही उजाडताच निघतो. गारठा असतो, चहा मग वाटेत मिळतो, पण त्या दिवसाचं वेळापत्रक पाणी ठरवतं.

नाल्यापाशी पोहोचल्यावर आधी सगळ्यांनी उतरायचं. लीड रायडर (गटाच्या पुढे असणारा आमचा माणूस) पायी चालून तळ बघतो, कुठून जायचं ते दाखवतो. मग एकेक गाडी: फर्स्ट गिअर, थ्रॉटल एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. मध्ये क्लच दाबायचा नाही आणि थांबायचं नाही. बंद पडलीच तर स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर मोठं नुकसान होतं. गाडी सोडायचीही नाही, तशीच धरून उभे राहा, आमची माणसं पाण्यातच असतात. भीती वाटत असेल तर स्पष्ट सांगा, आमच्यातला कुणी तुमची गाडी पलीकडे नेऊन देईल. त्यात कमीपणा नाही.

डबलसीट चालेल का?

चालेल, पण दोघांनाही सवय हवी. मागे बसणाऱ्यालाही पूर्ण जॅकेट, गुडघ्याचे गार्ड, बूट आणि हातमोजे सक्तीचे. बातल–ग्रामफू टप्प्यात मागच्या व्यक्तीने गटामागून येणाऱ्या आमच्या बॅकअप गाडीत बसायचं, हा नियम सगळ्यांना सारखा.

‘गायडेड’ म्हणजे नक्की काय मिळतं? रस्ता तर मोबाइलवर दिसतोच.

रस्ता एकच आहे, चुकण्यासारखं फार काही नाही. आमचं काम वेगळं आहे. पुढे लीड रायडर असतो, सगळ्यांत शेवटी स्वीप, आणि त्याच्या मागे बॅकअप गाडी, तिच्यात मेकॅनिक, सुटे भाग, ऑक्सिजन सिलिंडर आणि प्रथमोपचाराची पेटी. लीडच्या पुढे कुणी जायचं नाही, स्वीपच्या मागे कुणी राहायचं नाही. फाट्यावर वळलात की मागचा दिसेपर्यंत थांबायचं. या साध्या शिस्तीने चौदा-पंधरा जणांचा गट मोबाइलशिवाय एकत्र राहतो.

पण लीडचं मोठं काम म्हणजे थांबवणं. वर दगड सुटतायत, इथे थांबा. तुझा चेहरा उतरलाय, आज गाडी चालवायची नाही. ढग कुंझुमवर बसलेत, आज लोसरच्या पुढे जायचं नाही. रस्त्यावरचा असा निर्णय अंतिम असतो, त्यावर मतदान होत नाही. पैसे भरताना हे मान्य आहे असं आम्ही लिहून घेतो. ज्यांना पटत नाही त्यांनी स्वतंत्र जावं, त्यांना रस्त्याची सगळी माहिती आम्ही आनंदाने देऊ.

गाडी बिघडली तर?

क्लच प्लेट, क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, ट्यूब, ब्रेक पॅड, लीव्हर, प्लग हे बरोबर असतं. या रस्त्यावर सगळ्यात जास्त जळते ती क्लच प्लेट, कारण लोक चढावर हाफ क्लचवर गाडी रेटतात. रस्त्यात दुरुस्त न होणारं काही झालं तर गाडी टेंपोत चढते आणि तुम्ही बॅकअपमध्ये.

पेट्रोल?

रेकाँग पिओजवळ टाकी फुल, काझात टाकी फुल. काझानंतर भरवशाचा पंप थेट मनालीत, म्हणजे चंद्रतालचा फेरा धरून सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे. थोडं जादा पेट्रोल बॅकअप गाडीत असतं.

घरच्यांशी बोलता येईल का?

कल्पापर्यंत रोज, काझात बऱ्यापैकी. ताबोच्या आसपास आणि वरच्या गावांत कधी लागतो, कधी नाही. बीएसएनएल आणि जिओ ही दोन सिम बरोबर असली तर बरं. प्रीपेड चालतं, प्रीपेडची अडचण लडाख आणि जम्मू-काश्मीरची, हिमाचलची नाही. लोसरच्या पुढे चंद्रताल ते अटल बोगद्यापर्यंत संपर्क नाही असं धरून चाला आणि घरी तसं आधीच सांगून ठेवा. ‘गुरुवारी रात्रीपर्यंत फोन येणार नाही’ एवढं एक वाक्य सांगितलं की आईच्या जिवाला घोर लागत नाही.

रोख पैसे किती?

काझात एटीएम आहे, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. नेटवर्क नसलं की यूपीआयही नाही. खर्चापुरती रोकड शिमल्यातच काढा, सुट्या नोटांसह.

राहायची सोय कशी? स्वच्छतागृहं?

शिमला, कल्पा, मनालीत हॉटेल. ताबो आणि काझात गावकऱ्यांच्या घरात होमस्टे. जाड मातीच्या भिंती, सपाट छप्पर, मधल्या खोलीत शेगडी आणि तिच्याभोवती बैठक. संध्याकाळी सगळं घर तिथेच असतं, तुम्हीही तिथेच बसा. खोलीत जाऊन दार लावून घेतलंत तर स्पितीतली सगळ्यात चांगली गोष्ट हुकेल.

काही घरांत कोरडा संडास असतो. खड्ड्याच्या तोंडाशी बसायचं आणि वरून माती-राख टाकायची. त्याचं खत होऊन शेतात जातं. तिथल्या बार्लीला आणि मटाराला हेच खत. पाणी मोजकं असतं, ते वितळलेल्या बर्फाचं किंवा झऱ्याचं. रोज अंघोळीचा आग्रह धरू नका. चंद्रतालला तंबू तलावापासून काही किलोमीटर लांब आहेत, तलावाच्या काठावर मुक्कामाला परवानगी नाही. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे आणि ती तशीच राहायला हवी.

शाकाहारी जेवण मिळतं का?

सगळीकडे. राजमा-चावल, डाळ, बटाटा, पराठा. स्पितीत थुक्पा आणि मोमो, वाफवलेला तिंगमो पाव, जव-सत्तूचे प्रकार, आणि छरमाच्या आंबट फळांचा रस. मिठाचा लोण्याचा चहा एकदा तरी प्या. उंचीवर भूक मंदावते, तेव्हा ओळखीची चव कामाला येते. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, घरचे लाडू जरूर आणा. जेवण टाळू नका, आणि दिवसाला तीन लिटर तरी पाणी प्या.

दारू?

मनालीला पोहोचेपर्यंत नाही. उंचीवर दारूने श्वास मंदावतो, शरीरातलं पाणी कमी होतं, आणि सकाळची डोकेदुखी उंचीची की रात्रीची हे कुणालाच सांगता येत नाही.

मी एकटी मुलगी आहे. गटात यायचं तर?

या. बऱ्याच गटांत स्त्रिया असतात, एकट्या आलेल्याही. खोली दुसऱ्या महिलेबरोबर किंवा स्वतंत्र. नाल्यापाशी, चढावर तुम्ही मागितल्याशिवाय मदतीला कुणी धावणार नाही, हे पुरुष सहकाऱ्यांना आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. पाळीच्या दिवसांसाठी लागणारं सगळं घरून आणा, आणि वापरलेले पॅड बरोबर परत न्यायला बंद होणारी पिशवी ठेवा. तिथे कचऱ्याची व्यवस्था नाही.

वाटेत काय काय बघायला मिळतं?

सराहनचं भीमाकाली मंदिर, कल्पाहून दिसणारा किन्नर कैलास, नाकोचं तळं, गिऊमधली १९७५ च्या भूकंपानंतर उजेडात आलेली भिक्षूची ममी, कड्यावर टेकलेला धनकर मठ, की गावचा गोंपा (बौद्ध मठ), किब्बर, २०१७ मध्ये खुला झालेला चिचमचा पूल. हिक्कीमला १९८३ पासून टपाल कार्यालय आहे. तिथून घरी पत्र टाका, ते तुमच्या नंतर पोहोचेल.

पण एकाच ठिकाणी वेळ काढायचा असेल तर ताबोला काढा. मठाची स्थापना ९९६ सालची. बाहेरून पाहिलं तर मातीच्या बुटक्या इमारती, एरवी गाडी न थांबवता पुढे गेला असता अशा. आत शिरून डोळे अंधाराला सरावले की भिंतींवरची चित्रं आणि मातीत घडवलेल्या मूर्ती हळूहळू दिसायला लागतात. याला हिमालयातला अजिंठा म्हणतात, आणि ज्याने अजिंठा पाहिलाय त्याला ते पटतं. तिथे अजूनही भिक्षू राहतात, पहाटे प्रार्थना होते, विचारून बसता येतं. जुन्या मंदिरांत फोटो काढायचे नाहीत. पावसाने या भिंतींना धोका आहे आणि अलीकडे स्पितीत पाऊस वाढू लागलाय असं गावातले म्हातारे सांगतात. ते ऐकलं की पोटात कालवतं.

गावात, गोंपांत वागायचं कसं?

समोर दिसेल त्याला ‘जुले’ म्हणा. गोंपात बूट बाहेर, प्रदक्षिणा आपल्यासारखीच उजवी घालून. कुंझुमवर देवीचं ठाणं आहे, तिथे ट्रकवालेसुद्धा गाडी फिरवून प्रदक्षिणा घालतात, आपणही घालतो. माणसांचे फोटो विचारून. गावात शिरताना गिअर खाली, हॉर्न नाही. फटाके फोडणारे सायलेन्सर लावलेली गाडी आम्ही गटात घेत नाही.

लांगझाला मुलं शिंपल्यासारखे गोल दगड विकायला आणतात. ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या जिवांचे जीवाश्म आहेत, त्या डोंगराच्या जागी तेव्हा टेथिस समुद्र होता. विकत घेऊ नका, उचलूही नका. गेल्या काही वर्षांत लोकांनी ते खिसे भरभरून नेले आहेत. मुलांना चॉकलेट आणि पैसे वाटू नका. काही द्यायचं असेल तर शाळेच्या शिक्षकांना विचारून द्या.

परवाने लागतात का? मुलगा अमेरिकेहून येतोय.

भारतीय पासपोर्ट असेल तर नाही. ओळखपत्र, लायसन्स, गाडीची कागदपत्रं पुरतात. परदेशी पासपोर्ट असेल तर रेकाँग पिओ ते काझा या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी परवाना लागतो, आणि ओसीआय कार्ड असलं तरी तो चुकत नाही. शिमला किंवा रेकाँग पिओला निघतो. त्यांनी आम्हाला नोंदणीच्या वेळीच सांगावं, कारण सुट्टीचा दिवस मध्ये आला तर अख्खा गट अडतो.

कपडे काय आणू?

एक जाड जॅकेट आणण्यापेक्षा थर आणा: आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर चिलखती रायडिंग जॅकेट, त्यावर रेनकोट. सप्टेंबरातही सकाळी बोटं बधिर होतात, म्हणून हातमोज्यांचे दोन जोड. घोटा झाकणारे जलरोधक बूट. पूर्ण चेहऱ्याचं आयएसआय हेल्मेट, अर्धं चालणार नाही. गॉगल आणि सनस्क्रीन चैनीसाठी नाहीत, वरचं ऊन कातडी सोलतं.

रस्ता बंद झाला तर?

मग थांबतो किंवा वळतो. कुंझुम बंद झाला तर काझाहून किन्नौरमार्गेच परत यावं लागतं, आणि त्याला तीन दिवस जादा लागू शकतात. त्या मुक्कामांचा आणि जेवणाचा खर्च निम्मा आमचा, निम्मा तुमचा. मनालीला पोहोचायच्या दुसऱ्याच दिवशीचं विमान काढू नका. मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा आणि साहेबाला सांगून ठेवा.

मनालीहून गाडी घरी कशी आणायची?

भाड्याची गाडी ठरलं असेल तर मनालीतच परत द्यायची. घरची असेल तर मनालीहून चंडीगडपर्यंत चालवत जा, एक पूर्ण दिवस धरा. नाल्यांतून आलेली गाडी पार्सलला टाकण्याआधी धुऊन घ्या, चेन साफ करून तेल द्या, एअर फिल्टर उघडून बघा. स्पितीची बारीक धूळ त्यात गच्च बसलेली असते. घरी आल्यावर इंजिन ऑइल आणि ब्रेक पॅड तपासल्याशिवाय रोजच्या वापराला काढू नका.